टीव्हीवरच्या खेळाला घातलेले कुलूप

१९९०च्या दशकात आपल्याकडच्या अनेक घरांत टीव्हीला जोडायचे एक छोटे खेळयंत्र आले. मुले त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यात खोचायच्या डबीला ‘कॅसेट’, जरी तिच्यात फीत नसे. यातली बरीच यंत्रे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या स्वस्त, विनापरवाना नकला होत्या. मूळ यंत्र जुलै १९८३मध्ये जपानात १४,८०० येनला विक्रीस आले. एवढ्याशा यंत्राने मुलांना इतके का खिळवून ठेवले? ‘वेळेचा अपव्यय’ असा शेरा मारून शिक्षकाची या प्रश्नातून सुटका होत नाही.

यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. एका अक्षरचिन्हाला एक बाइट धरला, तर हा लेखही तीत मावणार नाही. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपे एकाच आकृतीची केली आहेत. फरक फक्त रंगाचा. अशा काटकसरीमुळे खेळात मोजक्याच वस्तू आणि मोजकेच नियम राहतात. कळ दाबताच खेळ सुरू होतो. मूल अंदाज बांधते, उडी मारते, खड्ड्यात पडते आणि लगेच अंदाज सुधारते. चुकीची किंमत काही सेकंदांची असते. आपल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला ही मुभा क्वचितच मिळते. या यंत्राचे खरे आकर्षण मला इथे दिसते.

यंत्राच्या मर्यादाही शिकवण्याजोग्या आहेत. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येतात. म्हणून गर्दी झाली की पात्रे लुकलुकतात. ‘डक हंट’ या खेळातली बंदूक तर काहीच सोडत नाही, ती फक्त पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो दिसला, तर नेम लागला. जुन्या काचनळीच्या टीव्हीवर पडदा कधी उजळणार याची वेळ पक्की असे. आजच्या सपाट पडद्यांवर ही बंदूक चालत नाही.

आता दोषाकडे वळू. १९८४ साली आपल्या शाळांतल्या संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला. त्यात ब्रिटनचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक वापरले गेले. त्यांचा मायक्रोप्रोसेसर ६५०२ जातीचा होता, आणि या खेळयंत्राचाही त्याच कुळातला. पण बीबीसी मायक्रो सुरू केला की तो बेसिक भाषेतल्या आज्ञेची वाट पाहत थांबे. खेळयंत्र आधीच ठरलेला खेळ दाखवी. जपानात १९८४मध्ये त्याच्यासाठी बेसिकसह कळफलक वेगळा विकायला आला. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या हाती आली ती नुसती कॅसेट. तिच्या लेबलावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येत.

बीबीसी मायक्रो कितीतरी महाग होता, हे खरे. कळफलक वगळल्यानेच यंत्र स्वस्त झाले आणि घराघरांत पोहोचले. परंतु त्यामुळे मुले नियम ओळखायला शिकली, नियम लिहायला शिकली नाहीत. २०१६ साली निन्टेंडोने तीस खेळ भरलेली छोटी आवृत्ती काढली. तीत तर कॅसेटची खाचही नव्हती. कुलूप अधिकच पक्के झाले.

ते वर्गात थोडे किलकिले करता येईल. विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडत्या खेळाचे पाच नियम वहीत लिहायला सांगा. मग त्यातला एकच नियम बदला आणि खेळात काय काय बदलेल ते विचारा. याला कळफलक लागत नाही.