मांजराची पेटी आणि मागे घेतलेला नियम

माझी भाची बी.एड.च्या परीक्षेची तयारी करत होती. 'अध्ययनाच्या उपपत्ती' या प्रकरणाचा एक तक्ता करून तिने भिंतीवर लावला होता. थॉर्नडाइक, मांजर, प्रयत्न-प्रमाद. पावलोव्ह, कुत्रा, अभिसंधान. कोहलर, चिंपांझी, मर्मदृष्टी. प्रत्येकासमोर नियम आणि 'शैक्षणिक महत्त्व'. पाठांतराला तक्ता सोयीचा होता, पण प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेल्या मला तो खटकला. विज्ञानातले नियम तपासले जातात, सुधारले जातात, कधी मागेही घेतले जातात. या तक्त्यात तशी एकही नोंद नव्हती.

थॉर्नडाइकचेच पाहू. त्याच्या काळात प्राण्यांच्या हुशारीविषयी बहुधा ऐकीव गोष्टीच पुरावा म्हणून दिल्या जात. १८९८ सालच्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्याने गोष्टींऐवजी घड्याळ वापरले. भुकेले मांजर फळ्यांच्या पेटीत कोंडायचे आणि बाहेर खाऊ ठेवायचा. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि केव्हातरी योगायोगाने सुटे. हेच पुन्हा पुन्हा केल्यावर सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होई. यावरून त्याने निष्कर्ष काढला की मांजर विचार करून सुटत नाही; ज्या कृतीने समाधान मिळते ती पक्की होत जाते. हा परिणामाचा नियम. त्याच्या जोडीला सरावाचा नियम आला: कृती जितक्या वेळा घडेल तितकी ती दृढ होते.

मोजमापाची ही शिस्त मानसशास्त्राला मोठी देणगी ठरली. पण समष्टिवादी कोहलरचा आक्षेपही रास्त होता. पेटीत खटका आणि दार यांचा संबंध मांजराला दिसतच नसेल, तर तिथे धडपडीशिवाय दुसरे काय दिसणार? म्हणून १९१३ नंतर टेनेरिफ बेटावर त्याने चिंपांझींना असे प्रश्न घातले, की ज्यांतले सगळे दुवे त्यांच्या डोळ्यांसमोर असतील. सुलतान नावाच्या चिंपांझीने एका पोकळ काठीत दुसरी काठी खुपसली आणि गजांबाहेरचे केळे ओढून घेतले. नोट्समध्ये याला 'अचानक मर्मदृष्टी' म्हणतात. मात्र कोहलरने स्वतः लिहिलेली हकीकत वेगळी आहे. सुलतान आधी तासाभराहून अधिक वेळ अयशस्वी झाला होता आणि नंतर काठ्यांशी खेळता खेळता त्या त्याच्या हातात एका रेषेत आल्या. पुढे १९४५ साली बर्च या संशोधकाला असे आढळले, की काठ्यांची सवय नसलेल्या बहुतेक चिंपांझींना काठीने खाऊ ओढणे जमत नाही. तीन दिवस काठ्यांशी खेळू दिल्यावर तेच काम ते चटकन करतात. म्हणजे मर्मदृष्टीमागेही अनुभवाची शिदोरी असते. तक्त्यात एकमेकांपासून दूर बसलेल्या दोन उपपत्ती प्रत्यक्षात इतक्या दूर नाहीत.

पण सर्वांत महत्त्वाची वगळलेली नोंद सरावाच्या नियमाची आहे. हा नियम पुढे थॉर्नडाइकनेच तपासला. त्याने माणसांना डोळे मिटून ठरावीक लांबीची रेघ शेकडो वेळा काढायला लावली, पण रेघ बरोबर आली की चूक हे सांगितले नाही. सुधारणा झाली नाही. बरोबर-चूक सांगितल्यावर मात्र ती दिसू लागली. १९३० च्या सुमारास त्याने आपली चूक जाहीरपणे मान्य केली: नुसत्या पुनरावृत्तीने शिक्षण होत नाही. परिणामाच्या नियमालाही त्याने मुरड घातली. 'बरोबर' म्हटल्याने उत्तर जितके पक्के होते, तितके 'चूक' म्हटल्याने ते पुसले जात नाही, असे त्याला आढळले. शिक्षेच्या परिणामाबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले, पण नुसत्या पुनरावृत्तीविषयीची त्याची कबुली कोणी दुर्लक्षावी अशी नाही.

तरीही शिक्षकांच्या हाती पडणाऱ्या कित्येक नोट्समध्ये सरावाचा नियम जसाच्या तसा असतो आणि कबुली नसते. हा केवळ इतिहासातला तपशील नव्हे. आपल्या वर्गांतल्या 'दहा वेळा लिहून आण' या आज्ञेला शास्त्राचा आधार म्हणून हाच नियम पुढे केला जातो. 'आशीर्वाद' हा शब्द 'आर्शिवाद' असा दहा वेळा लिहून आणणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याने सराव केला; पण आपण कुठे चुकलो हे त्याला कोणी सांगितले नाही.

याचा अर्थ सराव निरुपयोगी आहे असा नाही. पाढे, सायकल, तबला यांतले काहीच सरावाशिवाय येत नाही. मात्र त्या सरावात प्रत्येक प्रयत्नाचा परिणाम शिकणाऱ्याला कळत असतो. सायकल पडते, बोल बिघडलेला कानाला कळतो. वहीतल्या दहा ओळींना ही सोय नसते. ती शिक्षकाने करून द्यावी लागते.

वाचकांनी माझ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वर्गाचे दोन गट करा. डोळे मिटून १० सेंटिमीटरची रेघ प्रत्येकाला वीस वेळा काढू द्या. एका गटाला दर वेळी पट्टीने मोजून किती चुकले ते सांगा, दुसऱ्याला काहीच सांगू नका. शेवटच्या पाच रेघांची सरासरी चूक मुलांनाच काढू द्या. एका तासिकेत मुले एक उपपत्ती पारखून पाहतील.

भाचीने तक्त्यात आता चौथा रकाना आखला आहे: 'पुढे काय झाले?' तो परीक्षेत विचारला जात नाही, पण विज्ञान नेमके त्याच रकान्यात असते.