२०१५ चे मराठी चित्रपट : क्रमवारी आणि तिचे निकष

वर्ष सरताना चित्रपटवेड्या मित्रांच्या बैठकीत त्या वर्षाच्या चित्रपटांची क्रमवारी लागते. मराठीपुरते पाहिले, तर २०१५ चा हिशेब मांडताना पहिला वाद तारखेवरूनच होतो. ‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये आणि ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये पुरस्कार मिळाले ते २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत ते अनुक्रमे एप्रिल आणि जून २०१५ मध्ये लागले. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ चा, म्हणून एका दिवसाने बाहेर. प्रेक्षकाला तिकीट काढून चित्रपट पाहता आला तेच त्याचे वर्ष धरणे न्याय्य ठरते, कारण महोत्सवातला खेळ मोजक्यांच्याच वाट्याला येतो.

चित्रपटगृहात लागूनही चित्रपट सोयीच्या वेळी पाहायला मिळेल याची खात्री नसते. त्या एप्रिलमध्येच राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ देण्याची घोषणा केली. अशी घोषणा करावी लागली यातच दुखणे उघड होते. आठवड्यात उतरलेला चित्रपट यादीबाहेर राहिला, तर तो पडला की कोणी पाहिलाच नाही, हे तपासल्याशिवाय यादी पुरी करू नये.

वर्षाचा आवाका मोठा होता. सुबोध भावे जानेवारीत ‘लोकमान्य’मध्ये टिळक म्हणून दिसले आणि दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’चे दिग्दर्शक म्हणून. मधल्या काळात ‘टाइमपास २’ने तरुण प्रेक्षक ओढला. ‘डबल सीट’ने मुंबईत स्वतःचे घर घेऊ पाहणाऱ्या जोडप्याची घालमेल प्रेमाने मांडली. उमेश कुलकर्णींच्या ‘हायवे’ने मुंबई–पुणे रस्त्यावरच्या अनेक गाड्यांतली माणसे एकत्र गुंफली, तिथे पात्रांची गर्दी कथेला जड झाली, तरी धाडस मोलाचे होते.

‘कट्यार’चे यश प्रामुख्याने गाण्यांचे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक १९६७ चे, पं. जितेंद्र अभिषेकींच्या जुन्या पदांना शंकर–एहसान–लॉय यांच्या नव्या रचनांची जोड मिळाली आणि नाट्यसंगीत कधीही न ऐकलेली मुले ती गुणगुणू लागली. हे काम छोटे नाही. मात्र नाटकात गायक खाँसाहेबांच्या मनात चाललेली झुंज पडद्यावर कटकारस्थानाच्या खाली दबली. संगीताला पैकीच्या पैकी गुण दिले, तरी पटकथेला ते देता येत नाहीत.

‘किल्ला’ याच्या उलट वळणाचा. वडील गेलेले, आईची कोकणात बदली झालेली, नवी शाळा, नवे मित्र, घटना एवढ्याच. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच छायाचित्रकार असल्याने पाऊस, समुद्र आणि ओले चिरे मुलाच्या मनाची अवस्था सांगतात, संवादांवर तो भार पडत नाही. अमृता सुभाष यांनी उभी केलेली आई मुलाइतकीच एकाकी आहे, आणि चित्रपट तिच्या वाट्याची जागा तिला देतो.

तरी पहिले स्थान ‘कोर्ट’चे. गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप असलेला लोकशाहीर नारायण कांबळे तारखांमागून तारखा झेलतो. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा लांबून, स्थिर राहून पाहतो. सरकारी वकील बाई न्यायालयातून निघून मुलाला घेतात, घरी स्वयंपाक करतात; त्या दुष्ट नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा थंड युक्तिवाद अधिक अंगावर येतो. बिनबाह्यांच्या पोशाखामुळे एका स्त्रीचे प्रकरण ऐकायला नकार देणारा न्यायाधीशही तसाच साधा माणूस आहे. अन्याय रोजच्या कामकाजात कसा मुरलेला असतो, हे त्या वर्षीच्या दुसऱ्या कोणत्याही मराठी चित्रपटाने इतक्या नेमकेपणाने दाखवले नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ऑस्करसाठी भारताने तोच पाठवला. पण हे मान मिळाले नसते तरी त्याचा क्रमांक हाच राहिला असता. दुसरा ‘किल्ला’, तिसरा ‘कट्यार’.