एका खोडावरची दोन पानं

नव्याने लावलेल्या पाणवनस्पतींच्या टाकीकडे पाहताना बहुतेकांची नजर मासे शोधते आणि ते दिसले नाहीत की निघून जाते. लावणीनंतरचे हे पहिले काही आठवडेच खरे पाहण्यासारखे असतात.

आधी जमीन पाहावी. समोरच्या काचेशी वाळू तीन-चार सेंटिमीटर, मागे आठ-दहा. तेवढ्या चढावर वीतभर खोलीच्या टाकीत दूरची टेकडी उभी राहते. निसर्गदृश्यासारख्या टाक्या जगभर रुजवणारे निगाताचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) अरण्यांचे छायाचित्रकारही होते. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ मध्ये उभारलेली टाकी ४० मीटर लांब होती. घरच्या दोन फुटांतही त्यांच्या परंपरेतला जाणकार मोठा दगड मध्यावर ठेवत नाही, थोडा बाजूला सारतो. त्या सरकवण्याने उरलेल्या मोकळ्या वाळूला वाटेचं रूप येतं.

मग रोटाला ही पाणवनस्पती. बोटभर तुकडा, खालच्या पेरांवरची पानं काढलेली, लांब चिमट्यात धरून वाळूत तिरका खुपसलेला. तिरका का, तर सरळ खोचलेली हलकी काडी पाणी भरताच तरंगून वर येते. उघड्या झालेल्या त्या पेरांतूनच मुळं फुटतात. पण खरी मौज वर आहे. रोपवाटिकेत हे रोप बहुधा हवेत वाढलेलं असतं, म्हणून त्याची जुनी पानं गोलसर आणि जाडसर. टाकीत आल्यावर शेंड्याकडून निघणारी पानं मात्र अरुंद, लांबट, पातळ. प्रकाश चांगला असेल तर गुलाबी झाक असलेली. एकाच खोडावर खाली हवेतलं पान, वर पाण्यातलं. कुठल्या पेरापाशी रोपाने पाणी आपलं मानलं, ते बोट ठेवून दाखवता येतं.

जावा फर्नचं सौंदर्य वेगळं, ते न पुरण्यात आहे. त्याचं आडवं खोड वाळूखाली गेलं की कुजतं, म्हणून ते दोऱ्याने लाकडावर बांधतात. पानामागचे ओळीत बसलेले काळपट ठिपके रोग समजून कुणी खुडतात. ते बीजाणूंचे पुंजके. जुन्या पानाच्या टोकाला फुटलेलं इवलं रोप, स्वतःच्या मुळांसकट, हा तर या फर्नचा खास दागिना.

बुडबुड्यांतही भेद ओळखावा. नळाचं ताजं पाणी घातल्यावर काचेवर, दगडावर, सगळीकडेच बुडबुडे चिकटतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. तुटक्या देठातून सरळ रेषेत सुटणारी माळ जखमेतून येते. पण काही तास प्रकाश मिळाल्यावर फक्त पानांवर उमलणारे मोती, ते खरे. पाणी प्राणवायूने भरून गेलं, आता तो विरघळायला जागा नाही, म्हणून तो दिसू लागला. प्रकाशसंश्लेषण इतकं उघड्यावर दुसरीकडे कुठे पाहायला मिळतं!

सर्वांत जास्त संयम मागते ती क्रिप्टोकोरायन. लावल्यावर आठवड्याभरात तिची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागतात आणि नवखा माणूस गड्डा उपटून फेकतो. या कुळातल्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आहेत. पावसाळ्यात त्या वाहत्या पाण्याखाली बुडतात, पाणी उतरलं की उघड्या पडतात आणि पिळदार फुलं धरतात. परिस्थिती बदलली की पानं टाकायची, जीव जमिनीखाली राखायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. टाकीत लावतात ती वेंटी ही जात श्रीलंकेची, पण स्वभाव तोच. विरलेली पानं तेवढी काढावीत, गड्डा बोटांनी दाबून पाहावा. तो टणक लागला, तर काही आठवड्यांत मधूनच तपकिरी सुरळी वर येते आणि ते पान मुळातच पाण्यासाठी घडलेलं असतं.