‘देवदास’ची पुनर्निर्मिती : अनुकरण आणि आदरांजली

अभिजात चित्रपटाच्या पुनर्निर्मितीचे मूल्यमापन करताना ती मूलकृतीशी किती एकनिष्ठ आहे, हाच निकष सामान्यतः लावला जातो. हा निकष किती अपुरा आहे, हे बिमल रॉय यांच्या ‘देवदास’वरून (१९५५) स्पष्ट होते.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली प्रकाशित झालेल्या कादंबरीवर प्रमथेश बरुआ यांनी न्यू थिएटर्ससाठी १९३५ मध्ये बंगालीत व त्यापाठोपाठ हिंदीत चित्रपट केला. बंगालीत नायकाची भूमिका स्वतः बरुआंनी, तर हिंदीत कुंदनलाल सैगल यांनी केली. या हिंदी चित्रपटाचे छायालेखक होते बिमल रॉय. दोन दशकांनी त्यांनी तीच कथा दिग्दर्शक म्हणून हाती घेतली, तेव्हा बरुआ व सैगल दोघेही हयात नव्हते. रॉय यांनी आपला चित्रपट त्या दोघांच्या स्मृतीस अर्पण केला.

तथापि, अर्पणपत्रिका म्हणजे केवळ ऋणाची कबुली होय. ऋणाची फेड प्रत्यक्ष कृतीतच शोधावी लागते. देवदासचा अखेरचा रेल्वेप्रवास आणि त्याच्याकडे धावणाऱ्या पारोसमोर मिटणारे दरवाजे यांतून बरुआंच्या चित्रपटाची स्मृती जागी राहते. मात्र सैगल यांच्या गायनाशी स्पर्धा करण्याचा मोह रॉय टाळतात. सैगल यांचा देवदास स्वतःच्या कंठातून व्यक्त होतो. दिलीपकुमार यांचा देवदास अर्धस्फुट उच्चारातून आणि मौनातून उलगडतो. पार्श्वगायन तलत महमूद यांचे असले, तरी व्यक्तिरेखेचा भार अभिनयावरच राहतो.

रॉय यांचे खरे स्वातंत्र्य दोन्ही नायिकांच्या चित्रणात दिसते. पालखीतून जाणारी पारो (सुचित्रा सेन) आणि पायी चालणारी चंद्रमुखी (वैजयंतीमाला) यांची वाटेत दृष्टभेट होते. एकही शब्द न बोलता दोघी आपापल्या मार्गाने निघून जातात. कादंबरीत नसलेला हा प्रसंग क्षणभर नायकाला बाजूस सारून दोन स्त्रियांचे समदुःख कथेच्या केंद्रस्थानी आणतो. पुढे संजय लीला भन्साळी यांच्या ‘देवदास’मध्ये (२००२) याच दोघी एकत्र नृत्य करतात. रॉय यांनी मौनात ठेवलेले नाते तेथे उत्सवाचे रूप घेते.

या आदरभावाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पारोच्या कपाळावर देवदासने केलेला आघात रॉय यांच्या चित्रपटातही प्रेमखूणच ठरतो. नायकाच्या दुर्बलतेभोवतीचे वलय अबाधित राहते. मूलकृतीचे सौंदर्य स्वीकारताना तिची दृष्टीही काही अंशी चिकित्सेविना स्वीकारली गेली आहे.

सारांश, आदरांजली म्हणजे प्रतिकृती नव्हे, तसेच मूलकृतीला दिलेले आव्हानही नव्हे. पूर्वसूरींनी जेथे कथा सोडली, तेथून ती एक पाऊल पुढे नेणे हीच तिची खरी कसोटी होय. मौनातील त्या दृष्टभेटीत रॉय या कसोटीस पूर्णपणे उतरतात. नायकाच्या चित्रणात मात्र ते गुरूच्या छायेतच राहतात.