चंद्रावरची आपली स्वारी

जयपुरात बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या रविवारी बहुधा जंतरमंतर पाहावयास जातो. मीही गेलो. सवाई जयसिंहाने दगडचुन्यात बांधलेल्या सम्राट यंत्राची सावली मिनिटास सुमारे ६ सेंटिमीटर सरकते, ती डोळ्यांनी पाहिली. त्याच रात्री शेजारच्या बिऱ्हाडातील एका स्नेह्यांसमवेत १९६७ सालचा ‘चाँद पर चढाई’ पाहिला. स्नेही पहिल्या दहा मिनिटांतच हसू लागले व हसतच राहिले. त्या हसण्याने मी अस्वस्थ झालो, म्हणून हे टिपण.

दिग्दर्शक टी. पी. सुंदरम्, नायक दारासिंग. मनुष्याने चंद्रावर प्रत्यक्ष पाऊल ठेवण्यापूर्वी दोनच वर्षे आमचा हा पहिलवान तेथे उतरतो, राजकन्येस भेटतो, परग्रहावरील योद्ध्यांशी व राक्षसांशी झुंजतो. मधून मधून उषा खन्ना यांच्या संगीतावर नृत्येही आहेत. सारे पुठ्ठ्याचे व पत्र्याचे आहे, हे कोणाही मुलास कळावे.

परंतु पुठ्ठ्यास हसणे सोपे आहे. एड वुडच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मधील थडगीही लटपटतात. उलट डॉन सीगलच्या १९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये राक्षस नाहीच, ओळखीच्या माणसाचा चेहरा तोच, आतला माणूस मात्र गेलेला, एवढ्यावरच अंगावर काटा येतो. आणि १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनीच्या स्फोटाची राख जपानी मच्छीमारांवर पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गोजिरा’ समुद्रातून वर आला. त्या प्रेक्षकांना भय शिकवावे लागले नाही.

आमच्या चित्रपटात नेमके हे भयच नाही. त्याचा चंद्र म्हणजे पौराणिक चित्रपटातील इंद्रसभाच, दारात अग्निबाण उभा केलेली! अज्ञाताविषयीचे कुतूहलही त्यात नाही, भा. रा. भागवतांनी व्हर्नची ‘चंद्रावर स्वारी’ मराठीत आणली, त्या पुस्तकातल्या गणिताचा व हुरहुरीचा येथे लवलेश आढळत नाही. दोष पैशाचा खास नव्हे. १९६३ च्या तमिळ ‘कलै अरसि’त परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात ते सोने वा राज्य लुटण्यास नव्हे, तर संगीत-नृत्य शिकविण्यासाठी एक कलावती पळवून नेण्यास. कल्पना वेडगळ खरी. पण ती आपल्याच मातीतली आहे, आणि कलेवाचून ओस पडलेले जग ही काही लहानसहान धास्ती नव्हे. मला तो चित्रपट ‘चाँद पर चढाई’हून कितीतरी सरस वाटतो.

तरीही या पडलेल्या चित्रपटात एक जागा अशी आहे, की जेथे माझे हसू मावळले. नायकाचा सोबती भागू. गोल देह, खांदे किंचित हलवीत चालण्याची ती लकब! हे भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ साली स्वतःच निर्माता, दिग्दर्शक व नायक होऊन ‘अलबेला’ काढला, चितळकरांच्या चालींवर साऱ्या देशाला डोलविले. पुढे बंगला गेला, मोटारी गेल्या. २००२ साली मृत्यू आला तो दादरच्या चाळीत. मधल्या काळातील अशा कित्येक किरकोळ भूमिकांपैकी ही एक. राक्षस खोटा, चंद्र खोटा, पण या मनुष्याचे पोटापाण्यासाठी नाचणे खोटे नाही.

मी हे नाव सांगितले, तेव्हा स्नेह्यांनी चित्रपट थांबविला व तो प्रसंग पुन्हा लावला. येत्या रविवारी त्यांच्याकडे ‘अलबेला’ पाहावयाचे ठरले आहे.