जिवंतपणीचे श्राद्ध

बनशंकरीतल्या सुचित्रा फिल्म सोसायटीच्या वाटेने कन्नड समांतर सिनेमाकडे वळणाऱ्या मराठी प्रेक्षकाने आधी गिरीश कासारवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ (१९७७) पाहावा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, अनंतमूर्तींच्या कथेवरचा. गरोदर राहिलेल्या विधवा यमुनेचे बाप जिवंतपणीच श्राद्ध घालतो आणि स्वतः मात्र कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो. हे आपण बहुतांशी पाठशाळेतल्या लहानग्या नाणीच्या नजरेने पाहतो. त्याला पाप कळत नाही, यमुनेचे एकटेपण कळते. त्यामुळे रूढीवर वेगळे भाषण लागत नाही. आपल्या ‘घटस्फोट’ या शब्दातला घटही मुळात बहिष्कृताच्या नावाने फुटायचा. आपण तो आवाज विसरलो. इथे तो पुन्हा ऐकू येतो.