स्पेसशिप जागचं हललंच नाही, तरी ते ‘स्टार ट्रेक’च?

सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य फार आत्मविश्वासाने लिहिलं होतं: ‘मूळ साच्यापासून दूर गेल्यावर मालिकेची ओळख पुसट होते.’ मार्गदर्शक मॅडमनी ‘साचा’खाली रेघ मारून विचारलं, “म्हणजे नक्की काय गं?” मला सांगता येईना. तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असा एखादा शब्द लपलेला असेल, शोधा.

मला वाटलं होतं, सोपं आहे. १९६६ची मूळ ‘स्टार ट्रेक’ घ्या: एक यान, एक कॅप्टन, दर भागात नवा ग्रह. झाला साचा! मग १९९३ची ‘डीप स्पेस नाइन’ बघितली आणि गडबड झाली. इथे यान नाही, एका जागी थांबलेलं अंतराळस्थानक आहे. (तिसऱ्या सीझनमध्ये ‘डिफायंट’ नावाचं यान येतं, पण घर स्थानकच.) शेजारच्या बेजोर ग्रहावरची परकी सत्ता नुकतीच गेलेली. त्यामुळे आज केलेल्या गोष्टीचे परिणाम पुढच्या भागातही भोगावे लागतात, निघून जाता येत नाही. मूळ निर्माते जीन रॉडनबेरी यांचा आग्रह असे की स्टारफ्लीटची माणसं आपसांत भांडणार नाहीत. लेखकांनी तो नियम फारसा मोडला नाही. त्यांनी स्टारफ्लीटबाहेरची माणसं मध्ये आणून बसवली, म्हणजे जुनी बंडखोर कीरा आणि बारवाला क्वार्क. मला ही युक्ती जाम आवडते.

खरी कसोटी १९९८च्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागाची. युद्ध जिंकण्यासाठी सिस्को रोम्युलनांना फसवायला खोटा पुरावा बनवून घेतो आणि त्यात माणसं मरतात. साचा मोडला? पण संपूर्ण भाग म्हणजे सिस्कोने कॅमेऱ्याकडे बघत दिलेली लॉगमधली कबुली आहे, आणि शेवटी तो लॉगच पुसून टाकतो. मूल्य जागं असल्याशिवाय कुणी कबुली कशाला देईल?

म्हणून माझं मत असं की यान, प्रवास, नवा ग्रह हे सगळं बदलता येतं. केलेल्या कृत्याचा जाब स्वतःला विचारणं मात्र काढता येत नाही. इम्रे लाकातोशच्या भाषेत हा ‘कठीण गाभा’ आणि बाकीचा ‘संरक्षक पट्टा’.

इथेच सावध राहा. प्रत्येक नव्या भागानंतर मी गाभ्याची व्याख्या सोयीने सरकवत गेले, तर माझं विधान कधीच चुकणार नाही, आणि मग ते संशोधनच नाही. प्रेक्षकसंख्या मोजूनही सुटका होत नाही. २००१च्या ‘एंटरप्राइझ’मध्ये यान होतं, कॅप्टन होता, नवे ग्रह होते, तरी ती चार सीझनमध्येच बंद पडली. लोकप्रियता आणि साच्याशी निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा आता सिनॉप्सिसमध्ये मी आधीच लिहून ठेवलंय की काय सापडलं तर मी चूक ठरेन: मालिकेने कौतुकाने दाखवलेलं असं एखादं क्रूर कृत्य, ज्याचा जाब कुणीच, कधीच विचारत नाही. तसे दोन-चार भाग सापडले तर तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. सध्या पाचवा सीझन चालू आहे, वही शेजारीच आहे.